बसून राहण्याचा इतिहास: रत्नागिरीशी जोडलेले तीन समवयस्क

१/
१८५६, १८५८ आणि १८५९. या तीन सालांत तीन मुलगे जन्माला आले. पहिला रत्नागिरीत, दुसरा त्याच जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या शेरवली गावी, तिसरा समुद्रापलीकडे ब्रह्मदेशाच्या राजघराण्यात. पहिले लोकमान्य टिळक, दुसरे महर्षी धोंडो केशव कर्वे, तिसरा थिबा राजा. या तिघांच्या आयुष्याच्या आधारे आज एका अगदी साध्या क्रियेचा इतिहास पाहू. ती क्रिया म्हणजे बसणे.

२/
बसण्याला कसला आला इतिहास, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कोण किती वेळ बसतो, कोणाला बसू दिले जाते आणि कोणाला बसवून ठेवले जाते, हे प्रश्न सत्तेचे आहेत, श्रमाचे आहेत आणि आरोग्याचेही आहेत. म्हातारपणी तर ते फार जवळ येतात. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात एक आजी किंवा आजोबा दिवसाचा बहुतेक वेळ एकाच खुर्चीत असतात. त्या खुर्चीपर्यंत ते कसे पोचले, हेही इतिहासाचेच काम आहे.

३/
आरंभ थिबापासून. १८७८ साली तो ब्रह्मदेशाच्या गादीवर आला. मुळात तो विहारात शिकलेला, पाली धर्मग्रंथांची परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण होता. राज्यावर असतानाही कटाच्या भीतीने तो मंडालेच्या राजवाड्याबाहेर क्वचितच पडे. नोव्हेंबर १८८५ मध्ये तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात इंग्रजांनी मंडाले घेतले. तेव्हा त्याचे वय अवघे २६ होते. राजा, राण्या आणि मुली यांना बोटीने इरावतीतून खाली रंगूनला आणि तेथून मद्रासला नेण्यात आले. एप्रिल १८८६ मध्ये ही मंडळी रत्नागिरीला पोचली.

४/
रत्नागिरीच का? कारण त्या वेळी हे बंदर रेल्वेपासून दूर होते, पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद होई आणि ब्रह्मदेशातून कोणी राजाला सोडवायला येण्याची शक्यता नव्हती. प्रथम त्याला बंगल्यांत ठेवले. पुढे भाट्याच्या खाडीकडे पाहणारा, जांभा दगडाचा, उतरत्या छपरांचा आणि सागवानी कामाचा वाडा बांधला गेला. १९१० साली राजकुटुंब तेथे राहायला गेले. आज आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो, तो हाच.

५/
या कैदेचे स्वरूप नीट समजून घ्यायला हवे. बेड्या नव्हत्या, कोठडी नव्हती, दगड फोडायचे नव्हते. उलट नोकरचाकर होते, निवृत्तिवेतन होते, पुढे प्रशस्त वाडाही मिळाला. फक्त पहाऱ्याशिवाय आणि परवानगीशिवाय मोकळेपणाने कोठे जाता येत नव्हते, आणि करण्यासारखे काही काम उरले नव्हते. सरकारने राजाकडून कोणतेही कष्ट करून घेतले नाहीत. त्याने काहीही करू नये, एवढीच त्याची शिक्षा होती. ती ३० वर्षे चालली.

६/
अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या २००० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीमुळे एक चित्र जगभर पोचले: सज्जात बसून दुर्बिणीतून खाडीत येणारी गलबते न्याहाळणारा राजा. ही कादंबरी आहे, दस्तऐवज नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. तरीही हे चित्र मनात का रुतते? कारण उठून जाण्यासाठी कोठलीच जागा न उरलेल्या माणसाचे ते चित्र आहे. थिबा डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. वय ५७. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी तिला भेट दिली होती.

७/
आता दुसरा समवयस्क. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला रत्नागिरीत आणले आणि २२ वर्षांनी रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना ब्रह्मदेशात नेले, हा योगायोग पुष्कळांना माहीत असतो. जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ते मंडालेच्या तुरुंगात पोचले. वय ५२. मधुमेह सोबत होताच.

८/
टिळकांच्या तरुणपणातली एक गोष्ट येथे आठवावी. डेक्कन कॉलेजात दाखल झाल्यावर, प्रकृती किरकोळ आहे असे वाटून त्यांनी पहिले वर्ष प्रामुख्याने व्यायामाला दिले. तालीम आणि पोहणे हा त्या वर्षाचा खरा अभ्यासक्रम. अशा माणसाला पन्नाशीनंतर एका लाकडी कोठडीत सहा वर्षे काढावी लागली. नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या काळात त्यांनी तेथे ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले. ग्रंथ थोर आहे, यात शंका नाही. पण शरीराच्या बाजूने पाहिले तर ती कित्येक महिन्यांची अखंड बैठक होती.

९/
येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण चरित्रलेखनात ती सहसा निसटते. समोर ग्रंथ आहे की समुद्र, हे पोटरीच्या स्नायूला कळत नाही. बसण्याचा हेतू उदात्त असला म्हणून रक्तातली साखर कमी होत नाही. टिळक आणि थिबा यांच्यातला फरक बसण्यात नव्हता, तो उठण्यात होता. जून १९१४ मध्ये सुटका झाली तेव्हा टिळक ५७ वर्षांचे होते. त्यांच्यापुढे उठून जाण्यासाठी एक देश होता.

१०/
तिसरे समवयस्क म्हणजे मुरूडचे अण्णा कर्वे. दापोली तालुक्यातल्या समुद्रकाठच्या मुरूडात ते वाढले. १८७५ च्या सुमारास सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला जायचे होते. समुद्र खवळल्याने बोटीचा मार्ग बंद झाला. तेव्हा हा मुलगा सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्याला पोचला. तेथे अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहून वय कमी दिसते म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही. एवढे चालून पदरी काय पडले? तर परतीची वाट.

११/
पण हे चालणे आयुष्यभर सुटले नाही. पुण्यातला प्लेग आणि विधवांच्या आश्रमाला होणारा विरोध, यांमुळे १९०० साली त्यांनी आश्रम गावाबाहेर हिंगण्याला हलवला. अण्णा तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. शहर आणि हिंगणे यांत सुमारे चार मैलांचे अंतर होते, रस्ता धड नव्हता, पावसात चिखल. अण्णा आश्रमाचे सामान घेऊन ही वाट नित्य पायी तुडवत. वय ४२. त्यांना कोणी व्यायाम करा असे सांगितले नव्हते. पलीकडे मुली होत्या, म्हणून ते चालत होते.

१२/
आता १९१६ हे एकच साल समोर ठेवा. त्या काळच्या हिशेबाने हे तिघेही म्हातारेच. साठीला आलेले टिळक एप्रिलमध्ये होमरूल लीग स्थापन करतात आणि डिसेंबरमध्ये लखनौ काँग्रेसला जातात. ५८ वर्षांचे कर्वे महिला विद्यापीठ उभे करतात. आणि त्याच डिसेंबरात ५७ वर्षांचा थिबा रत्नागिरीच्या वाड्यात डोळे मिटतो. पुढे टिळक १९२० साली, ६४ व्या वर्षी गेले. कर्वे मात्र १९५८ साली, शंभराव्या वाढदिवसाच्या वर्षी ‘भारतरत्न’ झाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षात गेले.

१३/
येथे थांबून एक इशारा. थिबा बसल्यामुळे मेला आणि कर्वे चालल्यामुळे जगले, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. इतिहास तो काढू देत नाही. तीन माणसांवरून नियम ठरत नाही. आनुवंशिकता, आहार, साथी, तुरुंगाचे हवामान, मनस्ताप, असे शंभर धागे यात गुंतलेले असतात.

१४/
शिवाय रत्नागिरी जिल्ह्याने एक ठसठशीत अपवादही दिला आहे. चिपळूणजवळचे भारतरत्न पांडुरंग वामन काणे. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि शेवटचा १९६२ साली. साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठे. म्हणजे तीन दशकांहून मोठी बैठक. पोटाच्या अल्सरने त्यांना छळले खरे, पण ते ९१ वर्षे जगले. एखाद्याच्या आयुष्यात नियम मोडलेला दिसतो, कारण आरोग्याचे नियम समूहाच्या पातळीवर चालतात. म्हणून आता समूहाकडे वळू.

१५/
बैठ्या आयुष्याविषयीची शंका फार जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे सुख आणि झोपेचे सुख यांना अगदी आरंभी स्थान दिले आहे. बसण्याच्या सुखासाठी तेथे ‘आस्यासुख’ असा नेमका शब्द आहे. युरोपात १७०० साली बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने निरनिराळ्या व्यवसायांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात शिंपी, चांभार अशा दिवसभर बसून काम करणाऱ्यांचा स्वतंत्र विचार केला आणि निदान सुटीच्या दिवशी तरी शरीर हलवा, असे त्यांना सुचवले.

१६/
शंकेचा पुरावा व्हायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९४० च्या शरद ऋतूत जर्मन विमाने लंडनवर रात्रंदिवस बॉम्ब टाकत होती. लोक आश्रयस्थानांत रात्र काढीत आणि पुष्कळजण कापडी आरामखुर्चीत बसून झोपत. कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या लक्षात आले की फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून होणारे मृत्यू सुमारे सहापट वाढले आहेत, आणि मरणारे बहुतेक वयस्क आहेत. खुर्चीची पुढची दांडी मांडीखाली रुतते, पायातले रक्त साकळते आणि सकाळी उठताना गुठळी सुटते, असा त्याचा उलगडा होता. उपायही साधा होता: खुर्च्यांऐवजी आडवे झोपण्याचे बाक. बॉम्बपासून वाचलेली म्हातारी माणसे बसल्यामुळे मरत होती.

१७/
सात वर्षांनी, १९४७ मध्ये, रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टरने अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर गाजलेला लेख लिहिला. तोवर विश्रांती म्हणजे औषध, असे मानले जाई. त्याने दाखवले की दीर्घकाळ पडून राहिल्याने सांधे आखडतात, हाडे झिजतात, त्वचेला जखमा होतात आणि मनही खचते. १९५३ साली जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसमधील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघे एकाच गाडीत, एकाच शहरात, साधारण एकाच आर्थिक स्तरातले. फरक एवढाच की चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसभर जिने चढतउतरत असलेला. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झाला तरी तुलनेने सौम्य. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.

१८/
यामागची शरीराची रीत थोडक्यात. पायांतले रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात, म्हणून बसल्यावर पाय सुजतात. जेवणानंतर रक्तातली साखर शोषून घेण्यात मांडीच्या मोठ्या स्नायूंचा वाटा मोठा असतो. ते थंड पडले की साखर रक्तातच रेंगाळते. तरुण शरीर हे नुकसान लवकर भरून काढते. म्हाताऱ्या शरीराचे तसे नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात साधारण ६७ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींना केवळ १० दिवस अंथरुणात ठेवले, तर पायांतले सुमारे एक किलो स्नायू घटले. मग उठायला त्रास होतो, म्हणून माणूस कमी उठतो, म्हणून आणखी त्रास होतो. तोल जातो, पडण्याची भीती बसते, आणि भीतीने पुन्हा बैठक वाढते.

१९/
आता परत कोकणात येऊ, कारण आपल्याकडे बसण्याचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला आहे. खोतीच्या काळात खोत ओटीवर बसे आणि कूळ अंगणात उभे राही. बसणे हा अधिकार होता, उभे राहणे ही पायरी. गादी, बैठक, सदर, सिंहासन, आपल्या भाषेतले मानाचे शब्द बसण्यातूनच आले आहेत. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडले. तेव्हा बसणे आरोग्याला वाईट, असे सांगण्यापूर्वी हे ध्यानात ठेवायला हवे की पिढ्यान्‌पिढ्या लक्षावधी लोकांना बसायलाच मिळाले नव्हते.

२०/
हीच गोष्ट बायकांची. शेण, पाणी, दळण, चूल, नारळ-सुपारी, भातशेती. घरातली म्हातारी बाई, विशेषतः विधवा, मरेपर्यंत राबत असे. तिचे गुडघे झिजत, कंबर वाकत. जुनी माणसे कष्ट करीत म्हणून ठणठणीत होती, ही सरसकट कथा म्हणून खोटी आहे. जी टिकली, ती आपल्याला आठवतात. जी अकाली गेली, त्यांची आठवण सांगायला कोणी नाही. म्हणून आईला सुख लाभल्यावर मुलगा प्रेमाने म्हणतो, ‘आई, पुष्कळ केलंस, तू आता बस.’ या वाक्यामागे शतकांचे ऋण फेडण्याची इच्छा आहे.

२१/
आणि नेमके येथेच पेच पडतो. कोकणातून मुंबईला जाणारा चाकरमानी पूर्वी मनिऑर्डर पाठवी, आज खात्यावर पैसे जमा करतो. घरात गॅस आला, नळ आला, मिक्सर आला, खुर्ची आली, दूरचित्रवाणी आली. माणसे मात्र गेली. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली. २०११ मध्ये येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रातले सर्वांत जास्त प्रमाण. या आकड्यांमागे कमावत्या वयात बाहेर गेलेले पुरुष आहेत आणि मागे राहिलेली घरे आहेत.

२२/
अशा घरातल्या म्हाताऱ्या माणसाची अवस्था पाहा. कष्ट संपले, हे चांगलेच झाले. पण कष्टांबरोबर उठण्याची कारणेही संपली. गुरे विकली, म्हणून गोठ्यात जायचे नाही. शेत पडीक, म्हणून बांधावर जायचे नाही. किराणा घरपोच येतो, म्हणून बाजारात जायचे नाही. मुलांचा फोनवर एकच धोशा: ‘पडशील, बाहेर जाऊ नकोस, बसून राहा.’ नोकर आहे, पैसा आहे, छप्पर आहे, आणि करण्यासारखे काही नाही. ही रचना कोठे तरी पाहिली आहे ना? पाचव्या भागात पाहिली. थिबाला ती सत्तेने दिली, आपल्या आजीला आपण प्रेमाने देतो.

२३/
आपल्या पूर्वजांच्या बसण्याच्या पद्धतीत मात्र एक गुण दडलेला होता. ती बैठक जमिनीवरची होती. पाटावर जेवायला बसणे, चुलीशी बसणे, देवापुढे बसणे, आणि प्रत्येक वेळी हात टेकून वा न टेकून पुन्हा उभे राहणे. ब्राझीलमध्ये अरौजो आणि सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ व्यक्तींना जमिनीवर बसून उठायला सांगितले. २०१२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की ज्यांना आधाराशिवाय हे जमत नव्हते, त्यांच्यात पुढील वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक होते. उठबस हे औषध आहे, असे याने सिद्ध होत नाही. शरीराच्या शिल्लक ताकदीचे ते माप आहे. आपण खुर्ची आणली तेव्हा गुडघ्यांना आराम मिळाला, पण दिवसाकाठी नकळत होणारी ती उठबसही गेली.

२४/
मग करायचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल करावी, तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत आणि बसण्याचा वेळ कमी करावा. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी जमेल तेवढे करावे, कारण थोडी हालचाल ही मुळीच नसण्यापेक्षा बरी. २०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या एका विश्लेषणात असे दिसले की दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांचा वाढीव धोका पुसून टाकायला रोज ६० ते ७५ मिनिटांची मध्यम हालचाल लागते. सत्तरीच्या माणसाला ती जड आहे. म्हणून मधूनमधून उठणे, हाच त्याच्या आवाक्यातला मार्ग. हृदयविकार, तोल जाणे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे, हे ओघाने आलेच.

२५/
पण आकड्यांनी कोणी उठत नाही. कर्वे १५० मिनिटे पूर्ण करण्यासाठी हिंगण्याला जात नव्हते. ७१ व्या वर्षी ते परदेशच्या प्रवासाला निघाले. ७८ व्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले आणि त्याच्या वर्गणीसाठी स्वतः हिंडले. त्यांच्याजवळ प्रकृतीचे रहस्य होते की नाही, ते सोडून द्या. त्यांच्याजवळ रोज सकाळी उठून जाण्याची जागा होती, एवढे निश्चित. म्हाताऱ्या माणसाला उपदेशापेक्षा ही जागा हवी असते.

२६/
आपल्या भाषेला हे ठाऊक आहे. म्हातारी माणसे देवाकडे काय मागतात? ‘हातपाय चालताहेत तोवर ने.’ हिंडत्याफिरत्या अवस्थेत मरण यावे, ही या मातीतली जुनी इच्छा आहे. तिच्यात दीर्घायुष्याचा हव्यास नाही. परावलंबनाचे भय आहे, आणि शेवटपर्यंत कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची आस आहे. कर्त्या माणसाला काम उरले नाही की आपण ‘तो घरी बसला’ असे म्हणतो. त्या क्रियापदातली खंत ऐकण्यासारखी आहे.

२७/
म्हणून या थ्रेडच्या तरुण वाचकांना एक गृहपाठ. सुटीत आजोळी गेलात की आजी-आजोबांच्या चालण्याचा इतिहास लिहून घ्या. शाळा किती लांब होती? विहीर कोठे होती? बाजाराला कोणत्या पाखाडीने जात? माहेराहून सासरी पहिल्यांदा चालत गेली की होडीने? या वाटा कोणत्याही दप्तरात नाहीत. त्या फक्त त्यांच्या पायांना माहीत आहेत, आणि ते पाय आता खुर्चीत आहेत.

२८/
आणि लिहून झाले की म्हणा, ‘आजी, ती पाखाडी मला दाखव.’ सगळी नाही जमणार. चार पायऱ्या, तुमचा हात धरून, दुपारचे ऊन उतरल्यावर. तुम्हाला मौखिक इतिहासाचे एक साधन मिळेल आणि तिला उठायला एक कारण. थिबाला ३० वर्षांत असे कोणी म्हणाले नाही, कारण म्हणण्याची परवानगी नव्हती. आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

(समाप्त. तुमच्या आजी-आजोबांच्या वाटा खाली जरूर लिहा. गावाचे नाव आणि साधारण काळ दिलात, तर या नोंदी पुढे अभ्यासाला उपयोगी पडतील.)